गो-वेंट-गॉनची संथा

आमच्या मास्तरांना इंग्रजी येत होतं की नाही, याबद्दल रत्नागिरीत दोन तट होते. पहिला तट कोर्टातल्या वकिलांचा. ते म्हणत, ह्या माणसाने इंग्रजीचा पार अभिषेक करून टाकलाय. बोलायला लागला की समोरच्याने पळी-पंचपात्र आणायचं तेवढं बाकी राहतं. दुसरा तट आमच्या आईबापांचा. त्यांचं म्हणणं, बोलतो कसा ते राहू दे, त्याच्याकडे गेलेलं पोर मॅट्रिकला इंग्रजीत गटांगळी खात नाही ना, मग झालं तर.

मी ह्या दुसऱ्या तटातून त्यांच्याकडे गेले. माझे वडील कचेरीत कारकून होते. मुलीला मॅट्रिकला बसवायचं हे त्यांनी घरच्या सगळ्यांशी भांडून ठरवलं होतं, पण बसवायचं ते एकदाच. नापास झाले तर लांज्याकडचं एक स्थळ पुढच्या लग्नसराईसाठी राखून ठेवलेलं होतं. मुलाचा फोटो मी पाहिला होता. त्यामुळे इंग्रजी ह्या विषयाकडे मी फार भक्तिभावाने बघत असे.

भक्तिभाव मास्तरांकडे मुबलक होता. त्यांचं घराणं भिक्षुकांचं. वडील मोठे वैदिक, आणि एकुलत्या एका मुलाने पोथी सोडून इंग्रजी शाळेत नाव घातलं तेव्हा त्यांनी अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं होतं. शेवटी तडजोड अशी झाली, की इंग्रजी ही विद्या म्हणून शिकायची असेल तर विद्येचे सगळे नियम पाळून शिकायची. पुढे वडील गेले. इंग्रज सरकारही आज ना उद्या जाईल असं लोक बोलायला लागले. मास्तरांनी नियम मात्र सोडले नाहीत. दिवसा ते गावातल्या एका शाळेत खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी घराच्या पडवीवर आम्हा मॅट्रिकवाल्यांना संथा देत.

संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा म्हणायचं, आणि तोंडात बसेपर्यंत हे चालू ठेवायचं. पुस्तक उघडायचं नाही. वेदाला जशी मान खाली-वर करून स्वर दाखवतात तशी इंग्रजीलाही दाखवायची. मुलांची डोकी ते हाताने धरून हलवत. आम्ही दोघी मुली होतो. आमच्या डोक्याला हात कसा लावणार, म्हणून आमच्यासाठी पट्टीचं टोक हनुवटीखाली धरत. क्रियापदांची तीन रूपं एकदा सरळ पाठ झाली की मग वेदातल्यासारखी जटा, म्हणजे उलटसुलट म्हणणं, सुरू व्हायची. "गो वेंट, वेंट गो, गो वेंट! वेंट गॉन, गॉन वेंट, वेंट गॉन!" जटा पक्की झाली की घन. घनात ते बिचारं क्रियापद तीनतीन शब्दांनी पुढे-मागे असं काही धावायचं, की शेवटी गेलं कोण आणि आलं कोण याचा पत्ता लागत नसे.

एकदा कोणी परगावचे भटजी रस्त्याने चालले होते. दुरून हे पठण ऐकून ते थबकले, कान देऊन उभे राहिले, आणि मग फाटकाशी येऊन अदबीने विचारते झाले, "शाखा कोणती म्हणायची ही?"

"मॅट्रिक," मास्तर म्हणाले, आणि पुढची संथा दिली.

शब्दसंग्रहाचंही तसंच. एका अर्थाचे सगळे शब्द एका दमात म्हणायचे आणि शेवटी 'इति' म्हणून मान सरळ करायची. "बिग, लार्ज, ग्रेट, ह्यूज, इति मोठा!" त्यांच्या घरी डिक्शनरी नव्हती, आणि नसल्याचा त्यांना अभिमान होता. "साहेबाला घोकायचा कंटाळा, म्हणून त्याला डिक्शनरी लागते," असं ते म्हणत. परीक्षेत न वाचलेला उतारा येतो, त्याचं काय करायचं, हा आम्हा मुलांचा कायमचा घोर. त्यावर त्यांचं उत्तर एकच. "न वाचलेला असं काही नसतं रे. न घोकलेला असतो. घोका शिंच्यांनो."

आमच्यात सगळ्यात लवकर संथा उचलायचा तो इब्राहिम. राजिवड्याचा, गलबतावरच्या तांडेलाचा मुलगा. त्याला लहानपणापासून मशिदीत बसून डोलत डोलत पाठ करायची सवय होती, त्यामुळे मास्तरांची ही तऱ्हा त्याला मुळीच तऱ्हा वाटली नाही. उलट शाळेत पुस्तकात डोकं घालून गप्प वाचायला लावत, तेच त्याला चमत्कारिक वाटायचं. मास्तरांचा तो लाडका होता. "ह्याला बघा," ते आम्हाला म्हणायचे, "ह्याच्याकडे परंपरा आहे. तुमच्याकडे नुसती पुस्तकं आहेत." वेदाचं अक्षर ज्या घराने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, त्या घराच्या पडवीवर राजिवड्याचा इब्राहिम, मिऱ्याकडचे दोघे भंडारी आणि आम्ही दोघी मुली एका सुरात 'गो वेंट' करत असू, आणि यात काही वावगं आहे असं मास्तरांच्या गावीही नव्हतं.

विद्येच्या नियमांत आम्हाला सर्वांत आवडणारा नियम अनध्यायाचा. काही तिथींना अभ्यास वर्ज्य. अष्टमीला शिकवलं तर गुरूचं वाटोळं, चतुर्दशीला शिकवलं तर शिष्याचं, अमावास्येला दोघांचं मिळून, आणि प्रतिपदेला पाठ केलेलं सगळं गळून जातं. म्हणून त्या दिवशी इंग्रजी बंद. याशिवाय अवेळी गडगडलं तरी बंद, आणि कोल्हेकुई ऐकू आली तरी त्या दिवसापुरती बंद. त्यांच्या घरामागे काजूची झाडी होती. एका संध्याकाळी पार्सिंगची, म्हणजे शब्दाशब्दाचं व्याकरण सांगायची, फार कठीण संथा चालू असताना झाडीतून कोल्हा ओरडला. मास्तरांनी लगेच हात जोडले आणि आम्हाला सोडलं. चार दिवसांनी पुन्हा ओरडला. तिसऱ्या खेपेला मास्तर मान तिरकी करून नीट ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा कोल्हा राजिवड्याचा दिसतो. त्याला म्हणावं ये इकडे, आणि आजची संथा घनात म्हणून दाखव." इब्राहिम केसांतली काजूची पानं झाडत येऊन बसला.

कधी रविवारी ते आम्हाला आरे-वारेच्या बाजूला चालत नेत. वाऱ्यापुढे उभं राहून इंग्रजी वाचलं की छाती मोकळी होते आणि उच्चार सुटतो असं त्यांचं मत होतं. वाचताना आमच्या तोंडात वाळू जाई, उच्चार कितपत सुटे देव जाणे. अशाच एका रविवारी रस्ते-पुलांच्या खात्यातला एक गोरा साहेब घोड्यावरून आला आणि गणपतीपुळ्याचा रस्ता कुठला म्हणून विचारू लागला. मास्तर पुढे झाले. त्यांनी डोळे मिटले, साहेबाचं वाक्य स्वरासकट एकदा परत म्हटलं, आणि मग मान खाली-वर करत उत्तर दिलं. साहेब घोड्यावरून उतरला. त्याने टोपी काढली आणि उत्तर संपेपर्यंत खाली बघत उभा राहिला. मग "थँक यू" म्हणाला आणि रस्ता न समजताच भलत्या बाजूला गेला. मास्तर आम्हाला म्हणाले, "बघितलंत? शुद्ध बोललं की साहेबसुद्धा टोपी काढतो."

अशा ह्या माणसाने स्वतः मॅट्रिक केलेली नव्हती. ही गोष्ट गावाला ठाऊक होती आणि गाव ती विसरूनही गेलं होतं. त्यांच्या वेळी इंग्रजीचा पेपर नेमका चतुर्दशीला आला होता आणि वडिलांनी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. त्यानंतर ते कधी बसले नाहीत. शाळेला मास्तर हवा होता, यांना इंग्रजी येत होतं, कागद कोणी मागितला नाही. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी मात्र शाळेची व्यवस्था बघणारी मंडळी बदलली आणि नव्या मंडळींनी कागद मागितला. मॅट्रिक पास होऊन दाखवा, नाहीतर जूनपासून येऊ नका.

मास्तर तेव्हा पन्नाशीला टेकले होते. घरी काकू, म्हणजे त्यांची बायको, आणि दोन मुली लग्नाच्या. नोकरी गेली असती तर पुन्हा दर्भ हातात घेऊन दारोदार फिरायचं, आणि तेही येत नव्हतं, कारण उमेदीची वर्षं सगळी इंग्रजीत गेली होती. त्यांनी गाजावाजा न करता फॉर्म भरला. एका संध्याकाळी पडवीवर येऊन नेहमीच्या जागी न बसता आमच्या ओळीत इब्राहिमशेजारी मांडी घातली आणि म्हणाले, "इब्राहिम, तुझा अल्जिब्रा बरा आहे म्हणतात. मला संथा दे."

इब्राहिम घाबरला. "मास्तरानू, मी? मी कशी देव?"

"मी देतो तशी. चुकलो तर डोकं धर."

डोकं धरायची हिंमत इब्राहिमला कधी झाली नाही, पण संथा त्याने मन लावून दिली. अल्जिब्रा मास्तरांना फार आवडला. ए प्लस बी, बी प्लस ए, ए प्लस बी! उलट म्हटलं तरी किंमत तीच. सगळ्या विषयांत हा एकच विषय जटेसाठी केलेला दिसतो, असं ते दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. भूमितीचे सिद्धांत त्यांनी चाल लावून पाठ केले. इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. आम्हाला भीती एकाच गोष्टीची होती, पण ती बोलायचा धीर कोणाला होत नव्हता.

वेळापत्रक लागलं आणि भीती खरी झाली. इंग्रजीचा पेपर अष्टमीला होता.

मास्तर दोन दिवस पडवीच्या कट्ट्यावर पंचांग घेऊन बसून राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा काकू आतून सुपारी कातरत कातरत बाहेर आल्या. काकू फार बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या.

"अहो, मी काय म्हणत्ये, अष्टमीला शिकायचं नाही, होय ना?"

"नाही."

"शिकवायचंही नाही."

"नाही."

"मग परीक्षेत काय शिकवतात हो तुम्हाला? कोण मेला तिथे शिकायला जातो? शिकलेलं असतं ते टाकून यायचं असतं. नि टाकायला कुठली तिथी आड येत्ये?"

 मास्तरांनी पंचांग मिटलं. "ही फोड माझ्या लक्षात आली नव्हती," ते म्हणाले. "वडिलांच्याही नाही आली." एवढं म्हणून ते आत गेले, आणि काकू आमच्याकडे बघून हसल्या. "घोका गो, घोका. आता ह्यांना मागे टाकलंत तर बघा."

पेपराच्या दिवशी मास्तर काळा कोट, खांद्यावर धुतलेलं उपरणं आणि कपाळाला गंध अशा थाटात हॉलवर आले. सुपरवायझर त्यांचेच जुने विद्यार्थी निघाले. मास्तर दारातून आत येताना दिसले तसे ते खुर्चीवरून उठले. सुपरवायझर उठले म्हणून आम्ही सगळे उठलो. मास्तर आपल्या बाकापाशी उभे. आता 'बसा' कोणी म्हणायचं? सुपरवायझर मास्तरांकडे बघतायत, मास्तर सुपरवायझरांकडे. शेवटी मास्तरांनीच सवयीने "सिट डाऊन" म्हटलं, आणि सुपरवायझरांसकट सगळा हॉल खाली बसला. मास्तरांना पोरांच्या घोळक्यात कुठे बसवायचं म्हणून आम्हा मुलींच्या बाजूला बाक दिलेलं होतं. त्यामुळे ते माझ्या अगदी शेजारच्या ओळीत होते आणि मला नीट दिसत होते.

प्रश्नपत्रिका हातात आली. मी घाईने नजर फिरवली. रूपं होती, रिकाम्या जागा होत्या, पार्सिंग होतं, उतारा होता. मास्तरांनी डोळे मिटले. मिटणारच. पहिला प्रश्न त्यांनी मनाशी घेतला आणि मान हलायला लागली. ओठ हलले. मग आवाज आला. मोठा नव्हता, पण पडवीवर वर्षभर ऐकलेला तो आवाज आम्हाला कुठेही कळला असता. पहिल्या रिकाम्या जागेचं उत्तर स्वरासकट बाहेर पडलं.

आजूबाजूच्या सगळ्या टाकांची कुरकुर थांबली. पुढच्या बाकावरचा एक अनोळखी मुलगा अर्धा वळला. पलीकडे इब्राहिमने टाक वर धरला तो धरलाच. दुसऱ्या जागेचं उत्तर येणार, मग तिसऱ्याचं, असा सगळा पेपर संथेने मिळणार हे हॉलभर एका क्षणात कळलं होतं.

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांनी सगळीकडे एकदा बघितलं. इतके कान आपल्याकडे लागलेले त्यांना शिकवताना कधी दिसले नसतील. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची गुंडाळी केली आणि दातांत धरली.

मग त्यांनी लिहायला टाक उचलला, आणि तिथेच सगळं अडलं. त्यांचं इंग्रजी हातात कधी नव्हतंच. ते जिभेवर होतं. जिभेने म्हटल्याशिवाय पुढचा शब्द त्यांना येत नसे. मान हलायची, थांबायची. टाक कागदाला टेकायचा, पुन्हा उचलला जायचा. एक ओळ लिहीत आणि खोडत. कपाळावरचं गंध घामाने खाली उतरलं.

सुपरवायझरांच्या हे लक्षात आलं. ते जवळ येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मागच्या व्हरांड्यात एकटे बसता का? तिथे कोणाला ऐकू जायचं नाही."

मास्तरांनी उपरणं बाजूला केलं. "नियमात आहे का तसं?"

"नियमात नाही, पण मी..."

"मग नको," मास्तर म्हणाले, आणि उपरणं पुन्हा दातांत धरलं.

वेळ संपला तेव्हा त्यांच्या कागदावर बरीच पांढरी जागा होती. बाहेर आल्यावर इब्राहिम त्यांच्या मागे मागे फाटकापर्यंत गेला. "मास्तरानू, वाईच पुटपुटलात असतात तर काय झाला असता?" असं तो रडवेला होऊन विचारत होता. मास्तरांनी त्याला उद्याच्या अल्जिब्र्याची आठवण करून दिली आणि घरी पाठवलं.

निकाल लागला. पडवीवरचे आम्ही सगळे पास झालो. मास्तर अल्जिब्र्यात पास, भूमितीत पास, संस्कृतात पहिल्या काहीजणांत, आणि इंग्रजीत नापास. वकिलांच्या तटाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. इंग्रजीचे मास्तर इंग्रजीतच गेले, हे ते बाररूमपासून बंदरापर्यंत सांगत फिरले. मला त्यांचा इतका राग आला की मी रस्त्यात एका वकीलसाहेबांना नमस्कार करायचा टाळला, आणि त्यावरून घरी बोलणी खाल्ली. शाळेने जूनमध्ये मास्तरांना नारळ दिला. हॉलमध्ये काय झालं होतं ते पुढे इब्राहिमने राजिवड्यापासून मिऱ्यापर्यंत घरोघर सांगितलं आणि पडवी अशी भरली की पोरांना अंगणात बसवावं लागलं, मुलींची लग्नंही रीतसर झाली. पण ते नंतरचं. मी पेढे घेऊन गेले त्या दिवशी पडवीवर कोणी नव्हतं.

मास्तर कट्ट्यावर बसले होते. काकूंनी पेढ्यांची पुडी घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि "लांज्याचा तो राहिला गो उपाशी" म्हणून आत गेल्या. मी मास्तरांच्या पाया पडले. आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं.

"मास्तर, तुम्ही ते उपरणं तोंडात धरलं नसतंत तर पास झाला असतात."

"झालो असतो," ते म्हणाले. "नोकरीही राहिली असती."

"मग?"

त्यांनी मलाच विचारलं, "इंग्रजीत पास झालीस ना?"

"झाले."

"कोणाच्या अकलेने झालीस?"

"माझ्या," मी म्हटलं.

मास्तर हसले. "बघ. पटकन म्हणालीस. मी तोंड उघडलं असतं ना, तर इथे अडखळली असतीस. आणि मग जन्मभर कोणीही विचारलं तरी अडखळली असतीस."